‘८३ टक्के एआय’ म्हणून शून्य गुण द्यावेत का?

प्रश्न : तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा इंग्रजीतला प्रकल्प सॉफ्टवेअरने ‘८३ टक्के एआय’ ठरवला. ती म्हणते, मीच लिहिलाय. शून्य गुण द्यावेत का?
— एक प्राध्यापिका, नाशिक

उत्तर : नुसत्या आकड्यावरून मुळीच देऊ नका. वाङ्मयचौर्याची टक्केवारी वेगळी, ही वेगळी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमांत प्रबंधासाठी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण तिथे कुठलं वाक्य कुठून आलं ते शेजारीच दिसतं, पडताळता येतं. एआय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अहवालाला असा मूळ मजकूर नसतो. शब्दांचा क्रम किती अपेक्षित आहे, यासारख्या खुणांवरून बांधलेला तो अंदाज असतो. त्यामुळे बेताच्या शब्दसंग्रहात, ठरावीक वळणाचं इंग्रजी लिहिणारी मुलं नाहक अडकतात. २०२३मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं टोफेल या, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीच्या परीक्षेतल्या निबंधांवर चालवली, तेव्हा माणसांनी लिहिलेले सरासरी निम्म्याहून अधिक निबंध एआयचे ठरले. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने स्वतःचं ओळखसाधन त्याच वर्षी जुलैत मागे घेतलं, कारण अचूकता कमी होती.

आधी संदर्भसूची बघा. कोणतेही पाच संदर्भ घ्या आणि डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) टाकून उघडा. एआयने रचलेल्या संदर्भात बरेचदा लेखक खरा, नियतकालिक खरं, पण त्या अंकात त्या पानांवर लेख भलताच असतो. असं निघालं तर खोटा संदर्भ दिला म्हणून गुण कापा; त्यासाठी एआय सिद्ध करत बसायची गरज नाही.

मग दहा मिनिटं तोंडी घ्या. तिच्याच प्रकल्पातला एक परिच्छेद समोर ठेवून विचारा : हा निष्कर्ष कोणत्या तक्त्यावरून काढला? नमुना एवढाच का घेतला? उत्तर मराठीत देऊ द्या, नाहीतर परीक्षा इंग्रजी बोलण्याची होईल.

गुगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर आवृत्ती इतिहासही, म्हणजे कोणता मजकूर केव्हा आला याची नोंद, पाहता येतो. मात्र सगळा मजकूर एकदम चिकटवलेला दिसला, एवढ्यावरून दोषी धरू नका. हाताने लिहून बाहेरून टाइप करून घेणारी मुलं आजही आहेत.

पुढच्या वर्षी आराखडा, भरलेल्या प्रश्नावल्या आणि पहिला खर्डा टप्प्याटप्प्याने मागून घ्या, त्यांनाही गुण ठेवा.

प्रश्न : भाषा सुधारायला एआय वापरलं तर सांगावं का?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : हो, पण आधी विभागाचा नियम विचारा. परवानगी असेल तर साधनाचं नाव, तारीख आणि नेमका वापर प्रकल्पाच्या शेवटी दोन ओळींत लिहा. सुधारण्याआधीचा खर्डा जपून ठेवा. शंका आली तर तोच दाखवता येईल.