डोकं दुखत नव्हतं, हे आता घरी सांगून टाक

पत्र असं आलंय (थोडं कापून देतेय, नावगाव अर्थातच काढलंय):

"ताई, मी नाशिकची, वय ४६, शाळेत शिकवते. जानेवारीत आम्ही घरची अकरा माणसं टेम्पो ट्रॅव्हलर करून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू अशी ट्रिप करून आलो. सासूबाई, दीर-जाऊ, नणंद, पोरं सगळे. तिसऱ्या दिवशी महेश्वरला मुक्काम होता आणि चौथ्या दिवशी सकाळी सगळे मांडूला जाऊन संध्याकाळी परत येणार होते. मला काय झालं माहीत नाही, सकाळी उठले आणि म्हटलं माझं डोकं फार दुखतंय, तुम्ही जा, मी रूमवर पडते. डोकं अजिबात दुखत नव्हतं. गाडी गेली आणि मी दहा मिनिटांत घाटावर होते. पोहे-जिलबी खाल्ली, किल्ल्यात फिरले, हातमाग बघितले, नावेत बसून नदीतल्या बाणेश्वराच्या देवळात जाऊन आले, एक साडी घेतली स्वतःसाठी. अहिल्याबाईंची गादी बघताना रडूच आलं. दुपारी घाटावर नर्मदा परिक्रमेला पायी निघालेल्या एक आजी भेटल्या, परभणीकडच्या, त्यांनी विचारलं 'एकटीच का गं?' आणि मी हो म्हटलं. त्यांनी जाताना नर्मदेतला एक गोटा दिला. ताई, इतका चांगला दिवस माझ्या आयुष्यात कित्येक वर्षांत गेला नव्हता. संध्याकाळी परत येऊन मी पांघरूण घेऊन पडले. आता प्रॉब्लेम असा की घरचे सगळे माझ्या डोकेदुखीच्या मागे लागलेत. सासूबाई रोज झोपताना कपाळाला बाम लावतात, मिस्टरांनी पुढच्या आठवड्यात मेंदूच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीय. साडी कपाटात तळाशी आहे, गोटा चष्म्याच्या डबीत. मी खोटारडी आहे का? आणि मला पुन्हा असा दिवस हवासा वाटतो, म्हणजे मला माझी माणसं नकोशी झालीत का?"

अगं, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते कारण रात्री झोप त्यानेच उडत असणार. नाही. माणसं नकोशी झालेली बाई अकरा जणांच्या ट्रिपला चार डबे चिवडा आणि दोन डबे धपाटे घेऊन जात नाही (हे तू पत्रात लिहिलं होतंस, मी वर कापलंय). तुला एक दिवस कुणी काही विचारू नये असं वाटलं, इतकंच झालं. चहा कधी, बाथरूम कुठे, मोबाईलचा चार्जर कुणाकडे, आजीच्या गोळ्या दिल्या का, ट्रिपमध्ये हे प्रश्न एकाच माणसाकडे येतात आणि ते माणूस कोण असतं हे मला काय तू सांगायला नको.

माझ्या आईचं सांगते. आम्ही लहानपणी दर वर्षी नरसोबाच्या वाडीला जायचो, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, आणि आम्ही सगळे आंघोळीला, दर्शनाला, मग बासुंदी खायला असं फिरायचो आणि आई घाटावर सामानापाशी बसायची. दर वर्षी. आम्हाला वाटायचं बिचारी आई, तिला काही बघायलाच मिळत नाही. खूप वर्षांनी, बाबा गेल्यानंतर, ती मला म्हणाली की वर्षातले तेवढे दोन तास मला आवडायचे गं, नदीकडे बघत नुसतं बसता यायचं. तिने ते बाबांना कधी सांगितलं नाही. तेव्हा तू सकाळी उठून "डोकं दुखतंय" म्हणालीस याचं मला नवल वाटलं नाही. आपल्याकडच्या बायकांना एकटं बसायला सामान राखायला लागतं किंवा आजारी पडायला लागतं. नुसतं "मला बसायचंय" म्हटलेलं चालतं, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही.

पण म्हणून खोटं बोललीस ते बरोबर झालं असं मी म्हणणार नाही. दिवस तुझ्या हक्काचा होता, डोकेदुखीची गरज नव्हती, आणि त्या डोकेदुखीने तुझं काय नुकसान केलं ते तुझ्याच पत्रात आहे, तुला दिसलं नाही बहुतेक. तू लिहिलंस की नणंदेने दुपारी ग्रुपवर मांडूच्या रूपमतीच्या मंडपातला फोटो टाकला आणि लिहिलं, "इथून नर्मदा दिसते म्हणतात, आम्हाला नुसतं धुकं दिसतंय." आणि तू तो फोटो त्याच नर्मदेच्या पायरीवर बसून बघत होतीस! ती वरून शोधत होती आणि तू खाली पाय सोडून बसली होतीस. एरवी ही गोष्ट तुम्ही दोघींनी पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात सांगितली असती. तू काय केलंस, अंगठा टाकलास आणि फोन पर्समध्ये ठेवलास. मला ते वाचून फार वाईट वाटलं. एकटं फिरण्यातली निम्मी मजा संध्याकाळी घरच्यांना सांगण्यात असते, ती तुझी गेली. तू पांघरुणात, ते लोक हळू आवाजात बोलतायत, दिवे घालवलेत, आणि तुझ्या डोक्यात मात्र हातमागाची खटखट.

गादीपाशी रडू आलं म्हणतेस. मलाही आलं होतं, मी गेले होते तेव्हा. इतकी साधी बैठक, आणि त्यावर बसून १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षं त्या बाईने राज्य चालवलं. नवरा १७५४ला कुंभेरच्या वेढ्यात गेला, सासरे मल्हारराव १७६६ला गेले, वर्षभरात मुलगाही गेला. मी तुझी नि त्यांची तुलना करत नाहीये, तसली भाषणं आपण खूप ऐकलीत. फक्त एवढंच की तिथे रडू आलं त्याचा अर्थ तू खचलीयेस, डिप्रेशन आलंय असा काढू नकोस. गर्दीत बघितलं असतंस तर मागून कुणीतरी "चला पुढे" म्हटलं असतं. त्या दिवशी मागे कुणी नव्हतं म्हणून थांबलीस आणि आलं रडू. पण घरी आल्यावरही रोज असंच भरून येत असेल, झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल तर मात्र मला परत लिही, ते वेगळं बोलू.

आता सांगायचं कसं. आधी मिस्टरांना, आणि अपॉइंटमेंटच्या आधी, आजच. तो माणूस खरोखर घाबरलाय गं. उद्या डॉक्टर एमआरआय काढा म्हणाले की तू त्या मशीनमध्येही गप्प झोपून राहशील अशी मला भीती वाटते. ग्रुपवर वगैरे काही टाकू नकोस. रात्री दोघंच असताना सरळ सांग, "माझं डोकं त्या दिवशी दुखत नव्हतं. मला एक दिवस एकटीला हवा होता आणि तसं म्हणायची हिंमत झाली नाही. तुम्हाला काळजी लावली ते चुकलं." बास. यात "तुम्ही लोक मला कधी" हे वाक्य घालू नकोस, ते कितीही खरं असलं तरी त्या रात्री नको, कारण मग भांडण त्या वाक्यावर होईल आणि दिवस राहील बाजूला. तो दुखावेल थोडा. विचारेल, आमचा कंटाळा आला होता का. तेव्हा त्याला आजींचं सांग, नावेचं सांग, काय काय खाल्लंस ते सांग. माणसाला तपशील ऐकला की विश्वास बसतो.

नणंदेचं मात्र वेगळं आहे, आणि इथे मी तुझ्या बाजूने नाही. तिचे गुडघे दुखतात असं तूच लिहितेस, आणि त्या गुडघ्यांनी ती मांडूत जहाज महालाच्या पायऱ्या चढत तुझ्या मुलासकट तीन पोरं सांभाळत होती. तुझा दिवस फुकट नव्हता, त्याचा खर्च तिने केला. तू सकाळी खरं सांगितलं असतंस तर तिला "हो" किंवा "नाही जमणार" म्हणता तरी आलं असतं. तिला फोन नको, घरी जा, आणि सॉरी म्हणून झाल्यावर तिला विचार की तुला असा दिवस हवा असेल तर कुठे हवाय, पोरं मी बघते. नुसतं विचारू नकोस, तारीख ठरवूनच ये.

साडी. ती सासूबाईंना देऊन टाकावी असा विचार मनात येतो म्हणतेस. नको. ती लाच होईल आणि त्यांना ते कळेल. तू तिथे मागापाशी तासभर बसलीस, विणणाऱ्या बाईंनी तुला किनार उलटीसुलटी करून दाखवली की दोन्ही बाजूंनी नेसता येते, पदरावरचे पाच पट्टे मोजून दाखवले. होळकरांच्या काळापासून चालत आलेली कला समोर बसून बघून घेतलेली साडी आहे ती. तुझी आहे. पाडव्याला नेस.

आणि पुढच्या वेळी. तुम्ही डिसेंबरमध्ये वाई-महाबळेश्वर ठरवताय ना, मग प्लॅन लिहितानाच त्यात लिही, की या दिवशी सगळे पसरणीच्या घाटाने पाचगणीला जातील आणि मी वाईत थांबेन. आधी सांगितलं की लोक दोन दिवस कुरकुरतात आणि मग विसरतात, ऐनवेळी सांगितलं की कायमचं लक्षात ठेवतात, हा माझा स्वतःचा अनुभव. वाई एकटीने राहायला फार चांगलं गाव आहे, कृष्णेच्या काठाने चालत सगळं होतं. ढोल्या गणपतीपाशी सकाळी लवकर जा. मग रिक्षा करून मेणवलीला, नाना फडणवीसांचा वाडा आणि मागचा घाट बघ, तिथे पोर्तुगीजांकडून आलेली मोठी घंटा टांगलीय ती चुकवू नकोस. एवढंच. तिसरी गोष्ट ठरवूच नकोस, नाहीतर घरच्या ट्रिपसारखी पळापळ होईल आणि जेवायचं राहील. एकटीला हॉटेलात जेवायचा संकोच वाटत असेल तर गर्दी व्हायच्या आत साडेअकराला जाऊन बस, मी तेच करते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. नदीत एकटीने उतरू नकोस. महेश्वरच्या वरच्या अंगाला धरणं आहेत, वाईच्या वर धोम धरण आहे, पाणी सोडलं की पात्र बघता बघता वाढतं, आणि पायऱ्यांवर शेवाळ असतं ते वेगळंच. घाटावरच्या फुलवाल्या मावशींना विचार, आज पाणी कसं आहे, त्यांना बरोबर माहीत असतं. कुठे आहेस ते एका माणसाला सांगून ठेव, फोन चार्ज असू दे, काळोख पडायच्या आत रूमवर ये. महेश्वरला तू हे काहीच केलं नव्हतंस, कारण तू तर कागदोपत्री रूमवर झोपलेली होतीस! नावेत काही झालं असतं तर घरच्यांनी तुला शोधलं कुठे असतं? खोट्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो तो याच्यामुळे.

राहिल्या सासूबाई. त्या रोज बाम लावतात आणि तू डोळे मिटून पडतेस, आणि मग तुला रडू येतं असं लिहिलंयस. त्यांना सांगायची मला सगळ्यात कमी काळजी वाटते. ७४ वर्षांची बाई आहे, आयुष्यभर सामान राखत बसलेली असणार. मिस्टरांशी बोलून झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोटा चष्म्याच्या डबीतून काढ, धुऊन देवघरात ठेव. पूजेला बसल्या की त्यांना दिसेलच, त्या विचारतील हा कुठला गं. तेव्हा आजींपासून सुरुवात कर, की त्या परभणीकडच्या होत्या, काठीला पिशवी बांधलेली होती, नदी उजव्या हाताला ठेवून चालत निघाल्या होत्या, आणि परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते म्हणून मी नावेतून बाणेश्वराला गेले तेव्हा त्या पायरीवरच थांबल्या आणि मी परत येईपर्यंत माझ्या चपला त्यांनी सांभाळल्या.