हृदयविकारानंतरचा ऑनलाइन आहारसल्ला : पैसे भरण्याआधी काय पाहावे

नमस्कार. आपण दिलेल्या माहितीवरून परिस्थिती अशी दिसते. तासगाव तालुक्यातील गावी राहणाऱ्या आपल्या वडिलांना तीन महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला, मिरजेत अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवला गेला, हृदयाचे पंपिंग ३५ टक्क्यांवर आहे आणि मधुमेह जुनाच आहे. दवाखान्यातून मिळालेल्या कार्डावर आहाराविषयी ‘तेल, मीठ, साखर कमी’ एवढीच ओळ आहे. अळणी जेवणाला ते कंटाळले आहेत, म्हणून आपण पुण्याहून त्यांच्यासाठी एका ऑनलाइन कंपनीची तीन महिन्यांची ‘खास तुमच्यासाठी’ आहारयोजना घेण्याच्या विचारात आहात. त्या योजनेचा नमुना आणि वडिलांच्या गोळ्यांची यादी आपण दिली आहे, आणि पुढच्या महिन्यात गावची यात्रा आहे तेव्हा मटणाचे काय करायचे, हेही विचारले आहे.

माझी स्वतःची बायपास झालेली आहे आणि सांगली-मिरजेतील हृदयरुग्णांच्या घरच्यांशी पथ्यपाण्याविषयी बोलणे अनेक वर्षे चालू आहे. मी डॉक्टर नाही आणि आहारतज्ज्ञही नाही, त्यामुळे खालील मजकूर घेऊन आपल्या हृदयतज्ज्ञांकडे जावे, तो त्यांच्याऐवजी वापरू नये. माझे मत असे आहे की ऑनलाइन आहारसल्ला घ्यायला हरकत नाही, परंतु हा विशिष्ट नमुना वडिलांना मुळीच लागू करू नये. सल्ला ऑनलाइन आहे हे त्याचे कारण नव्हे. त्यांच्या अर्जात वय, उंची, वजन, शाकाहारी की मांसाहारी, कशाची ॲलर्जी आणि किती किलो कमी करायचे, हे सारे विचारले आहे. चालू असलेल्या गोळ्या मात्र विचारलेल्याच नाहीत. ज्या माणसाच्या रोजच्या डबीत आठ-नऊ गोळ्या आहेत, त्याचा आहार त्या गोळ्या न पाहता ठरवला गेला असेल तर त्याला ‘खास तुमच्यासाठी’ म्हणण्यात अर्थ राहत नाही.

हे केवळ तत्त्व म्हणून सांगत नाही. आपण दिलेल्या नमुन्यातील तीन गोष्टी वडिलांच्या औषधांशी सरळ टक्कर घेतात.

पहिली गोष्ट मिठाची. नमुन्यात साध्या मिठाऐवजी ‘लो सोडियम’ मीठ वापरायला सांगितले आहे आणि रोज सकाळी एक शहाळे प्यायला सांगितले आहे. लो सोडियम मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते, आणि शहाळ्याच्या पाण्यातही पोटॅशियम भरपूर असते. वडिलांच्या यादीत रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन ही दोन्ही औषधे आहेत. या दोन्हींमुळे लघवीवाटे पोटॅशियम बाहेर पडण्याचे प्रमाण घटते, म्हणजे एकीकडून आवक वाढवायची आणि दुसरीकडून जावक आधीच कमी झालेली, असा हा प्रकार आहे. रक्तातील पोटॅशियम फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि त्याआधी काही लक्षण जाणवेलच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा पर्यायी मिठाविषयी जी मार्गदर्शक शिफारस केली, तीतूनही मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना आणि ज्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही अशांना वगळलेले आहे. दुकानात ते मीठ ‘हृदयासाठी उत्तम’ म्हणून शेजारीच मांडलेले असते, त्यामुळे हा घोळ फार घरांत होतो. वडिलांची क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी चाचणी) आणि पोटॅशियमची तपासणी शेवटची कधी झाली, ते आपण लिहिलेले नाही; ते आधी पाहावे.

दुसरी गोष्ट सोळा तासांच्या उपवासाची आणि भात-भाकरी जवळजवळ बंद करण्याची. वडिलांना डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते आणि हृदयाचे पंपिंग कमी असलेल्यांना ती आता सर्रास दिली जाते. ती चालू असताना लांबलचक उपवास केले किंवा पिष्टमय पदार्थ फारच तोडले, तर शरीर चरबी जाळू लागते, रक्तात कीटोन साठतात आणि कीटोॲसिडोसिससारखी, म्हणजे रक्त आम्लधर्मी होण्याची गंभीर अवस्था येऊ शकते. यातली फसवी बाब अशी की त्या वेळी ग्लुकोमीटरवरचा आकडा फारसा वाढलेला नसतो, त्यामुळे मळमळ, उलट्या आणि थकवा यांना घरचे लोक ‘पित्त झाले’ म्हणून सोडून देतात. शिवाय यादीत ग्लिमेपिराइड ही साखर कमी करणारी गोळीही आहे. ते घेऊन दुपारपर्यंत उपाशी राहिल्यास साखर एकदम खाली जाण्याचा धोका आहे. आषाढी आणि चतुर्थीच्या उपवासांनाही हाच विचार लागू होतो, हे वडिलांना कसे पटवायचे ते आपणच जाणता.

तिसरी गोष्ट ‘दिवसाला साडेतीन लिटर पाणी’ ही. पंपिंग कमी असलेल्या आणि लघवीची गोळी चालू असलेल्या रुग्णाने किती पाणी प्यावे, हे हृदयतज्ज्ञांनीच ठरवायचे असते. काहींना मर्यादा घालतात, काहींना घालत नाहीत, परंतु सरसकट आकडा कोणालाच देत नाहीत. त्याऐवजी रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहा-नाश्त्यापूर्वी, साधारण त्याच कपड्यांत वजन करून वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढ झाली तर ती अंगावर चढलेली चरबी नसून बहुधा साठलेले पाणी असते, आणि तेव्हा आहारतज्ज्ञांना नव्हे तर डॉक्टरांना फोन करायचा असतो.

जाता जाता पालेभाज्यांविषयी. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून आपण मेथी, पालक, कोथिंबीर बंद केल्याचे लिहिले आहे, कारण ‘रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे’. हे पथ्य वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल घेणाऱ्यांचे आहे. कृत्रिम झडप बसवलेल्यांना ती औषधे देतात आणि पालेभाज्यांतील के जीवनसत्त्वामुळे त्यांचा परिणाम कमी-जास्त होतो. त्यांनीसुद्धा पालेभाजी बंद करायची नसते, रोजचे प्रमाण सारखे ठेवायचे असते. वडिलांना ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल आहे, त्यांचा के जीवनसत्त्वाशी संबंध नाही. पोटॅशियमचा रिपोर्ट ठीक असेल तर मेथीची भाजी खुशाल करावी.

आता ‘व्यक्तिगत आहार’ या कल्पनेला किती महत्त्व द्यावे, हा प्रश्न उरतो. युरोपातील सात देशांत ‘फूड फॉर मी’ नावाचा अभ्यास झाला होता. त्यात सुमारे १,६०० प्रौढांना सहा महिने इंटरनेटवरून आहारसल्ला दिला गेला. एका गटाला सर्वसाधारण सल्ला, दुसऱ्याला त्यांचे रोजचे खाणे पाहून दिलेला सल्ला, तिसऱ्याला त्यात शरीराची मापे आणि रक्ततपासणी मिळवून, आणि चौथ्याला जनुकीय चाचणीही जोडून. ज्यांना व्यक्तिगत सल्ला मिळाला त्यांचे खाणे सर्वसाधारण सल्ल्याच्या गटापेक्षा सुधारले, परंतु रक्ततपासणी आणि जनुकांची भर घातल्याने त्यात आणखी फायदा झाला नाही. हे लोक हृदयरुग्ण नव्हते, हे ध्यानात ठेवूनही माझ्या मते यातून खर्चाच्या दृष्टीने एक गोष्ट कळते. माणूस आज काय खातो हे नीट पाहून दिलेला सल्ला कामाचा असतो, तर जनुकांसाठीची लाळेची चाचणी आणि आतड्यातील जंतूंचा अहवाल असलेल्या महागड्या पॅकेजसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण दिसत नाही.

आणखी एक बाब. अमेरिकेत ॲपवरून व्यक्तिगत आहार देण्याच्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात १८ आठवड्यांनी ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबीचा एक प्रकार) कमी झाले, परंतु एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलमध्ये सर्वसाधारण सल्ल्याच्या तुलनेत लक्षणीय फरक पडला नाही. वडिलांच्या बाबतीत तर एलडीएलच महत्त्वाचे आहे. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत अतिजोखमीच्या रुग्णांसाठी ते ५५ मिलीग्रॅमच्या (दर डेसिलिटर रक्तात) खाली ठेवायला सांगितले आहे, आणि इतके खाली ते नुसत्या आहाराने सहसा येत नाही. म्हणून ‘आमच्या आहाराने स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) सुटते’ किंवा ‘ब्लॉकेज विरघळतात’ असे जो कोणी म्हणेल त्याच्याशी पुढे बोलू नये.

किन्वा, ॲव्होकाडो, ऑलिव्ह तेल यांवर मी वेळ घालवत नाही. स्पेनमधील कोर्दोबा येथे सुमारे हजार हृदयरुग्णांवर सात वर्षे केलेल्या अभ्यासात भूमध्यसागरी पद्धतीचा आहार कमी चरबीच्या आहारापेक्षा सरस ठरला, हे खरे आहे. त्या आहाराचा सांगाडा म्हणजे डाळी-कडधान्ये, भाज्या, फळे, अख्खी धान्ये, सुकामेवा, मासे आणि वनस्पतिजन्य तेल. आपल्याकडची शाळूची भाकरी, मटकीची उसळ, हरभऱ्याची भाजी, मूठभर शेंगदाणे आणि मोजके करडईचे तेल त्या सांगाड्यात नीट बसते. गुंता आहे तो मिठाचा, आणि तिथेच आपल्याकडची स्वयंपाकघरे कोणत्याही ॲपला दाद देत नाहीत.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, हे बहुतेकांना पाठ असते. परंतु आपल्या भागात भाजीत पडणारी कांदा-लसूण चटणी उन्हाळ्यात डंकावर वर्षाची कुटून आणलेली असते आणि तिच्यात खडे मीठ आधीच कुटलेले असते. भाजीला ती चटणी घालायची आणि चवीपुरते मीठ वेगळे, असा रोजचा शिरस्ता असतो. ॲपमध्ये ‘वांग्याची भाजी, एक वाटी’ असे भरले की ते सोडियमचा एक आकडा दाखवते. त्या आकड्याला आपली चटणी ठाऊक नसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यात ५२८ पदार्थ आहेत, पण ते बहुतांशी कच्चे जिन्नस आहेत. आमच्या घरच्या आमटीत किती मीठ आहे, हे त्यातून निघत नाही.

मला स्वतःला ज्या आहारतज्ज्ञ बाईंचा उपयोग झाला, त्यांनी पहिल्या व्हिडिओ कॉलवर माझ्याशी दोन-चार वाक्ये बोलून फोन सौभाग्यवतींकडे द्यायला सांगितला. मग कॅमेरा मिसळणाच्या डब्याकडे वळवायला लावला, मिठाच्या बरणीतला चमचा समोर धरायला लावला, तेलाची पळी एकदा भरून ती मोजायच्या चमच्यांनी रिकामी करायला लावली. त्यानंतर त्यांनी विचारले की एक किलो मिठाची पिशवी किती दिवस जाते. घरात चौघे असतील तर पाच ग्रॅमच्या हिशेबाने ती पन्नास दिवस गेली पाहिजे, आणि त्यात चटणी, लोणचे, पापड यांतले मीठ धरलेलेच नाही. तेलाचेही तसेच : माणशी महिन्याला अर्धा लिटर धरले तर पंधरा लिटरचा डबा चौघांना सात महिन्यांच्या पुढे जायला हवा. पिशवीवर आणि डब्यावर फोडल्याची तारीख पेनने लिहिणे हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे. वडिलांची चटणी थोडी, बिनमिठाची कुटून फ्रीजमध्ये ठेवावी. मग भाजीत घालायचे मीठ तेवढे मोजायचे राहते आणि जेवणाला तिखट-लसणाची चव पूर्ववत येते. त्यांचा अळणीपणाचा कंटाळा निम्मा तरी यानेच जाईल, असे वाटते. मात्र चहाबरोबरची खारी, टोस्ट आणि संध्याकाळचे भडंग यांना या हिशेबात सवलत नाही.

म्हणून सल्लागार निवडताना मी असे पाहीन. व्यक्ती रजिस्टर्ड डायटिशियन आहे का, किंवा क्लिनिकल न्यूट्रिशनमधील पदव्युत्तर शिक्षण घेतलेली आहे का, आणि हृदयरुग्णांबरोबर रुग्णालयात काम केले आहे का. आहारतज्ज्ञांचा व्यवसाय २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात आलेला आहे, तेव्हा पात्रता विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही. डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांची यादी, इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) हे त्यांनी आपणहून मागितले पाहिजे. गोळी बदलली की आहार पुन्हा पाहतील का, हे विचारावे. कॉलवर मराठीतून आपल्या आईंशी बोलतील का, हे तर आवर्जून विचारावे, कारण चूल त्यांच्या हाती आहे. पुण्यात आपल्या फोनवर आलेला तक्ता गावच्या ताटात उतरत नाही. जे स्वतःचीच प्रोटीन पावडर, लसणाच्या कॅप्सूल किंवा काढे विकतात त्यांना सोडून द्यावे. ज्येष्ठमधासारखी घरगुती वाटणारी वस्तूसुद्धा रक्तदाब वाढवते. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ न भरता एका भेटीचे भरावेत. मिरजेच्या ज्या रुग्णालयात वडील होते तिथे आहारतज्ज्ञ असतीलच. पहिली भेट पुढच्या तपासणीच्या दिवशी त्यांच्यासमोर बसून घेतली आणि नंतरचा पाठपुरावा फोनवर ठेवला, तर मला ते सर्वांत बरे वाटते.

राहिला यात्रेचा प्रश्न. घरी पाहुणे जेवणार आणि यजमानाने नुसते पाहत बसायचे, हे पथ्य टिकत नाही, म्हणून त्यांचे ताट आधी ठरवावे. चरबी काढलेल्या मटणाचे दोन-तीन तुकडे, सोबत भाकरी आणि भरपूर कांदा-काकडी चालावी. तांबड्या रश्शावरचा कट आणि रश्श्याच्या वाट्या मात्र टाळाव्यात, कारण तेल आणि मीठ दोन्ही तिथेच असतात आणि ती वाटी पाण्यासारखी पोटात जाते. त्यांच्यासाठी चार तुकडे वेगळ्या भांड्यात बिनमिठाच्या चटणीत शिजवून घेतले तर उत्तमच. मुक्कामाच्या पाहुण्यांबरोबर दुसऱ्या दिवशी उरलेला रस्सा गरम करून खाणे नको, आणि त्या आठवड्यात सकाळचे वजन एकही दिवस चुकवू नये.