आधी घरच्यांशी खरं बोल

अरे, गटात नवीन आलास म्हणून सांगतो. मोठी ध्येयं वहीत लिहायची घाई करू नकोस. आधी नाशिकला पंचवटीत काळाराम मंदिराच्या दारापाशी जरा वेळ उभा राहा. दलितांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी इथे सत्याग्रह सुरू केला. दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला. दार बंद, तरी माणसं वर्षानुवर्षं येत राहिली.

घरात खरं बोलणं मात्र मला त्या दारापाशी उभं राहण्याहून जड गेलं. आई आजारी होती, मी आपला ‘बरी होशील’ म्हणत राहिलो. एका रात्री तिने मनगट धरलं, “खरं सांग.” सांगितलं. तिने उशाखालची कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि कित्येक दिवसांनी शांत झोपली.

तुझंही कुणाशी बोलायचं राहिलंय ना? आजच जा. फोनवर नको, समोर बस.