पीएच मीटरचा बोर्ड धुतल्यावर उरणारा पांढरा थर

तुमच्या दोन तक्रारी आहेत. बोर्डावर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) फिरवल्यावर सोल्डरच्या टाक्यांभोवती पांढरट थर आला, आणि बडोद्यात पाऊस लागल्यापासून प्रोब बफर 7 मध्ये (पीएच 7 च्या ठराविक द्रावणात) असतानाही आकडा सरकत राहतो. मूळ बहुधा एकच आहे: फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो पदार्थ) विरघळला, पण बोर्डावरून गेला नाही.

रोझिन फ्लक्समध्ये राळ असते आणि तिच्यात थोडा ॲक्टिव्हेटर, म्हणजे धातूवरचा गंज काढणारं रसायन. टाका थंड झाला की राळ कडक होते आणि ॲक्टिव्हेटरचे क्षार तिच्यात कोंडले जातात. कापसाच्या बोळ्याने जरासं आयपीए फिरवलं की राळ पातळ होऊन पसरते, आयपीए उडून जातं आणि ते क्षार उघडे पडतात. हवेतला दमटपणा त्यांच्यावर बसला की विजेची गळती सुरू. म्हणून अर्धवट धुतलेला बोर्ड न धुतलेल्यापेक्षा वाईट. नो-क्लीन (न धुता ठेवायच्या) फ्लक्सचंही तसंच: एक तर हात लावू नका, नाही तर पूर्ण धुवा.

गळती किती नडते ते बघा. काचेच्या इलेक्ट्रोडचा रोध 100 मेगाओहम धरू. शेजारच्या 5 व्होल्टच्या ट्रॅकपासून इनपुटपर्यंत 1 गिगाओहमची वाट तयार झाली तर इनपुटवर जवळपास अर्धा व्होल्ट चढतो. 25 अंशाला एक पीएच म्हणजे 59 मिलिव्होल्ट, म्हणजे चूक सात-आठ पीएचची! 100 गिगाओहमची गळती असली तरी 5 मिलिव्होल्ट, म्हणजे 0.08 पीएच. एवढ्याच घाणीवर रिले बोर्ड खुशाल चालतो, तो धुवायच्या भानगडीत पडू नका.

आता द्रव. 99 टक्क्यांचं आयपीए लॅब केमिकलवाल्याकडून घ्या. 70 टक्केवाल्यात उरलेलं बहुतेक पाणीच असतं, त्याने राळ नीट विरघळत नाही, उलट पांढरी पडते. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं, ते बोर्डावर चिकट राहून ओल धरतं. थिनर आणि ॲसिटोन प्लॅस्टिकचे कनेक्टर खातात. आयपीए हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा पावसाळ्यात बाटलीचं झाकण लगेच लावत चला.

धुण्याआधी बोर्ड कुठला ते बघा. तपकिरी झिरो पीसीबी, म्हणजे कागदी फिनोलिक, असेल तर पाण्याने धुवू नका; तो पाणी पितो आणि अशा सर्किटला मुळात कामाचाच नाही. हिरवा, काचेच्या धाग्यांचा एफआर-4 असेल तर पुढचं करा. उघडे प्रीसेट (फिरवून रोध बदलायचे), बझर, टॅक्ट स्विच, सील नसलेला रिले, डीएचटी11 सारखा दमटपणा मोजणारा सेन्सर हे धुणं झाल्यावरच लावा. विरघळलेली राळ त्यांच्या आत शिरली की संपर्कांवर बसते आणि मग तो स्विच कधी लागतो, कधी लागत नाही.

10 बाय 8 सेंटिमीटरच्या बोर्डाला एकूण 60 ते 80 मिली आयपीए लागतं. बोर्ड ट्रेमध्ये तिरका धरा, 20 मिली ओता आणि दात अर्धे कापलेल्या टूथब्रशने घासा. आखूड दात टाक्यांच्या मधे जोर धरतात. खरी मेख पुढे आहे. बोर्ड ओला असतानाच त्यावर धागे न सुटणारं कापड पसरा, वरून थोडं आयपीए टाका आणि ब्रश कापडावरूनच दाबत फिरवा. विरघळलेली राळ कापडात शोषली जाते, कापड पिवळं पडलेलं दिसेल. कापडाची कोरी बाजू घेऊन पुन्हा करा, पिवळेपणा येईनासा होईपर्यंत. मग उरलेलं कोरं आयपीए पिचकारीने वरून खाली सोडा. आयसीच्या पोटाखाली एका बाजूनेच मारा, म्हणजे घाण दुसऱ्या बाजूने बाहेर पडेल. मधे कुठेही बोर्ड वाळू द्यायचा नाही.

राळ गेली तरी क्षार उरू शकतात, कारण ते आयपीएपेक्षा पाण्यात चांगले विरघळतात. म्हणून 50 अंशाच्या आसपास तापवलेल्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खळखळून घ्या. बॅटरीत घालायचं पाणी चालेल. आरओचं नको, त्यात क्षार उरतात. नळाचं तर, आजव्याचं असो की महीचं, अजिबात नको. शेवटी पुन्हा थोडं आयपीए सोडून पाणी हाकलून द्या. ते पूर्ण उडाल्यावरच 60 अंशावर दोन तास वाळवा. आयपीए 12 अंशालाच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. खिडकी उघडी ठेवा, सोल्डरिंग आयर्न आणि हॉट एअर बंद.

तुमचा आत्ताचा थर जुना आहे. ब्रशने निघाला नाही तर त्यावर ताजा द्रव रोझिन फ्लक्स लावा, 330 अंशाच्या टोकाने टाके पुन्हा वितळवा आणि लगेच धुवा. जुनी राळ नव्यात मिसळून सुटते. डबीतली पिवळी सोल्डरिंग पेस्ट वापरली असेल तर ती बंद करा. अशा पुष्कळ पेस्टमध्ये झिंक क्लोराइड असतं, आणि निळसर-हिरवी भुकटी दिसली की तांबं खाल्लं जातंय असं समजा.

तपासणी बीएनसी (प्रोब लावायचा कनेक्टर) शॉर्ट करून करू नका, त्यात गळती लपते. 10 मेगाओहमचे दहा रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा आणि इनपुट व ग्राउंडमध्ये लावा; या जोडणीलाही बोटं लागू देऊ नका. आकडा शून्य मिलिव्होल्टच्या जवळ स्थिर हवा. इनपुटला सीए3140 हा ऑप-अँप आयसी असेल तर त्याच्या स्वतःच्या 10 पिकोअँपिअर इनपुट करंटमुळे 1 मिलिव्होल्ट इकडेतिकडे दिसेल, ते चालतं. मग बोर्डावर तोंडाने वाफ सोडा. आकडा उडी मारून हळूहळू परत आला तर अजून घाण आहे. दुसऱ्यांदा धुऊनही तसंच झालं तर सीए3140 ची 3 नंबरची पिन वर वाकवा आणि बीएनसीची मधली तार तिला हवेतच जोडा. इनपुट बोर्डाला टेकलंच नाही की गळतीची वाटच तुटते.