एक्सेलमधला तक्ता ईमेलमध्ये पेस्ट केला की विस्कटतो, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की पर्वरीच्या ऑफिसातून रोज संध्याकाळी तुम्ही एक्सेलचा तक्ता ईमेलमध्ये पेस्ट करून पाठवता. कधी तो नीट जातो, कधी रेषा गायब होतात, तर कधी सगळे आकडे एकामागोमाग ओघळतात. साहेब मेल मोबाइलवर बघतात आणि जोडलेली फाइल उघडत नाहीत. मी वाळपईला एका काजू कारखान्यात हिशेब बघते. मार्च ते मे हा आमचा हंगाम. त्या दिवसांत बियांची खरेदी, काजूगराचा साठा आणि दर असे तीन तक्ते रोज मेलने जातात, त्यामुळे तुमचं दुखणं मला चांगलं कळतं.

आधी हे का होतं ते सांगते, म्हणजे अर्धे उपाय तुमचे तुम्हालाच सुचतील. एक्सेलमध्ये कंट्रोल-सी दाबलं की क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं जिथे राहतं तिथे, तक्त्याची बरीच रूपं एकदम जाऊन बसतात. एक एचटीएमएलचं, म्हणजे वेबपानांच्या भाषेतलं, त्यात रेषा, रंग, रुंदी सगळं असतं. एक नुसत्या मजकुराचं, त्यात दोन खणांच्या मध्ये फक्त एक टॅब, म्हणजे लांबट मोकळी जागा, असतो. एक चित्राचं. यातलं कुठलं उचलायचं हे जिथे पेस्ट करतो तो प्रोग्रॅम ठरवतो, एक्सेल नाही. मेलची खिडकी साध्या मजकुरावर असेल तर तिला एचटीएमएल घेताच येत नाही. ती टॅबवाला मजकूर घेते आणि तक्ता तिथेच संपतो. म्हणून एकच शीट सोमवारी नीट जाते आणि मंगळवारी विस्कटते. शीट तीच असते, मेलची खिडकी बदललेली असते.

हे नुसतं दिसण्यापुरतं नाही. काजूगराच्या प्रती, म्हणजे ग्रेड, आकड्यांनी ओळखल्या जातात: डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-२१०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२०. एका पौंडात साधारण किती गर बसतात तो हा आकडा, म्हणजे आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि महाग. मी या प्रती आडव्या मांडून खाली दर लिहायची. एकदा २१०चा माल नव्हता, म्हणून तो खण रिकामा सोडला. मेल साध्या मजकुरात गेली. रिकाम्या खणाचे दोन टॅब मिळून एकच मोकळी जागा उरली, पुढचे दर एकेक घर डावीकडे सरकले आणि २४०चा दर २१०च्या खाली जाऊन बसला. व्यापाऱ्याने त्या दराने मागणी नोंदवली. त्याची काहीच चूक नव्हती, त्याला दिसलं ते त्याने वाचलं. तो घोळ निस्तरायला दोन दिवस लागले. तेव्हापासून मी तक्त्यात एकही खण रिकामा ठेवत नाही. माल नसेल तर ‘नाही’ असं लिहिते. तुम्हीही हे आजपासूनच करा, बाकी काही केलं नाही तरी चालेल.

आता मेलची खिडकी तपासायची. जीमेलमध्ये नवीन मेल उघडली की खालच्या पट्टीत तीन टिंबं दिसतात. त्यात ‘प्लेन टेक्स्ट मोड’वर खूण असेल तर ती काढा. ही खूण एकदा चुकून पडली की पुढच्या मेलनाही लागू राहते, त्यामुळे ‘कालपर्यंत नीट होतं’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हीच असते. पेस्ट करताना साधं कंट्रोल-व्ही दाबा. मध्ये शिफ्ट दाबलं गेलं तर नुसता मजकूर येतो.

संगणकावरच्या जुन्या आऊटलुकमध्ये ‘फॉरमॅट टेक्स्ट’ या टॅबखाली एचटीएमएल, प्लेन टेक्स्ट आणि रिच टेक्स्ट असे तीन पर्याय असतात. एचटीएमएल निवडा. रिच टेक्स्ट नको, कारण समोरच्याकडे आऊटलुक नसेल तर त्याला तुमच्या तक्त्याऐवजी विनमेल डॉट डॅट नावाची न उघडणारी फाइल मिळू शकते. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. साध्या मजकुरातल्या मेलला उत्तर दिलं की आऊटलुक उत्तरही साध्या मजकुरातच उघडतो. तुम्ही साहेबांच्या मेलला ‘रिप्लाय’ करून तक्ता पाठवत असाल तर आधी तिथे बघा. पेस्ट केल्यावर शेजारी जी छोटी चौकट येते, तिच्यात ‘कीप सोर्स फॉरमॅटिंग’ घ्या.

रेषांचं वेगळं आहे. एक्सेलमध्ये दिसणाऱ्या फिकट करड्या रेषा या खऱ्या रेषा नव्हेत. त्या फक्त पडद्यावर काम सोपं जावं म्हणून असतात आणि कॉपीबरोबर जात नाहीत. रेषा हव्या असतील तर तक्ता निवडून ‘ऑल बॉर्डर्स’ द्यायला हवं. तेवढं करताना शीटमध्येच आणखी दोन-तीन गोष्टी उरकून घ्या. कॉलम अरुंद असेल आणि आकड्याच्या जागी ‘####’ दिसत असेल तर मेलमध्येही तेच जातं, म्हणून रुंदी आधी वाढवा. जोडलेले खण, म्हणजे मर्ज केलेले, मोडून टाका. मथळा तक्त्याच्या वर मेलमध्येच साध्या वाक्यात लिहा. आणि काही ओळी किंवा कॉलम लपवलेले असतील तर तक्ता निवडून ऑल्ट आणि सेमीकोलन दाबा, मग कॉपी करा. त्याने फक्त दिसणारे खण निवडले जातात. आमच्या शीटमध्ये शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक असतात. ते व्यापाऱ्याकडे जाण्याचा धोका मला एक टक्काही नको.

आता मोबाइल. माझ्या अनुभवाने फोनच्या पडद्यावर चार, फार तर पाच कॉलम नीट वाचता येतात. मी पाठवण्यासाठी शीटमध्ये एक वेगळं पान ठेवलंय. मोठ्या हिशेबातले हवे तेवढेच कॉलम सूत्राने तिथे येतात आणि मी तेच पान कॉपी करते. प्रतीही आता आडव्या नाही, उभ्या मांडते: एका ओळीत एक प्रत, पुढे साठा आणि दर. अशा मांडणीत दर सरकला तरी दुसऱ्या प्रतीखाली जात नाही. तक्ता फार मोठा करू नका. १०२ किलोबाइटच्या पुढची मेल जीमेल मध्येच कापून दाखवतं, आणि एक्सेलमधून येणारं एचटीएमएल चांगलंच जड असतं. पाठवण्याआधी मेल स्वतःलाच धाडून आपल्या फोनवर उघडून बघा. मी अजून रोज बघते.

काही जण सांगतील, तक्त्याचा फोटोच टाका, विस्कटायचा प्रश्नच नाही. एक्सेलमध्ये ‘कॉपी ॲज पिक्चर’ आहे खरं. पण मला ते पटत नाही. चित्रातला आकडा कॉपी करता येत नाही, मेलमध्ये शोधून सापडत नाही, बऱ्याच ठिकाणी मेलमधली चित्रं आपोआप उघडत नाहीत, आणि ज्यांना दिसत नाही त्यांचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिथे अडतं. समोरच्याला ते आकडे पुन्हा टाइप करायला लावणं म्हणजे चुकीला आमंत्रण. आलेख असेल तर चित्र ठीक, दरपत्रक असेल तर नको.

समोरून साधा मजकूरच चालत असेल तर स्पेस देऊन कॉलम जुळवत बसू नका. तुमच्या पडद्यावर सरळ दिसलेली रांग दुसऱ्या फॉन्टात वाकडी होते, आणि देवनागरीत जोडाक्षरांमुळे ती जुळणं जवळपास अशक्य. त्यापेक्षा एकेक ओळ वाक्यासारखी लिहा: ‘डब्ल्यू-२४०, साठा ८५ किलो, दर अमुक.’

शेवटी मराठी मजकुराबद्दल, कारण तुमच्या शीटमध्ये गावांची नावं मराठीत आहेत असं तुम्ही म्हणता. जुनी शीट असेल तर ती शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या फॉन्टात असू शकते. या फॉन्टांत अक्षर मराठी दिसतं, पण फाइलमध्ये साठवलेली असते ती रोमन अक्षरं आणि चिन्हं. मेलबरोबर फॉन्टचं फक्त नाव जातं, फॉन्ट जात नाही. साहेबांच्या फोनमध्ये तो फॉन्ट नसणारच, मग गावाच्या जागी अगम्य रोमन अक्षरं उमटतात. आमची केरी, मोर्ले, होंडा, नगरगाव अशी गाववार यादी वर्षानुवर्षं अशीच होती. ती युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत, बदलून घ्यावी लागते. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण बदलल्यावर एकेक नाव डोळ्याखालून घाला. रफार फार वेळा चुकीच्या अक्षरावर जाऊन बसतो, आमचं मोर्ले तसंच बिघडलं होतं. नंतर मंगल किंवा निर्मला फॉन्ट द्या. फोनमध्ये हे फॉन्ट नसले तरी चालतं, कारण युनिकोड मजकूर तो स्वतःच्या देवनागरी फॉन्टात दाखवतो.