टाइट एंड हवाय, पण खिशाला परवडणारा

फेब्रुवारीत अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, आटोपला की पत्रांचा सूर बदलतो. कोण जिंकलं यापेक्षा आता कोणाला घ्यायचं याची चर्चा सुरू होते. यंदा निम्म्याहून जास्त पत्रं टाइट एंड या एकाच जागेबद्दल आली आहेत, त्यामुळे आजचा मजकूर तिलाच दिला आहे.

प्रश्न: मुलगा सारखा म्हणतो, "आई, आपल्या टीमला एक स्वस्तातला टाइट एंड मिळाला की झालं." हा गडी नेमकं करतो काय? आणि तो स्वस्तात का मिळावा? (एक आई, एडिसन, न्यू जर्सी)

क्रिकेटमधला यष्टिरक्षक-फलंदाज डोळ्यांपुढे आणा. टाइट एंडलाही दोन नोकऱ्या असतात. तो आक्रमक फळीच्या टोकाला, टॅकल नावाच्या धिप्पाड गड्याला खेटून उभा राहतो. एका चालीत समोरच्या सव्वाशे किलोच्या माणसाला थोपवायचं, तर पुढच्याच चालीत त्याच्या बगलेतून निसटून चेंडू झेलायचा. थोपवण्याची नोंद धावफलकावर येत नाही. म्हणून बाजारात भाव ठरतो तो झेलांवर, आणि तोही पळत जाऊन चेंडू झेलणं हेच काम असलेल्या रिसीव्हरपेक्षा बराच कमी. 2025 साली फ्रँचाइझ टॅगची रक्कम (करार संपलेल्या खेळाडूला आणखी वर्षभर अडवून ठेवण्यासाठी टीमने द्यायचा ठरीव पगार) टाइट एंडसाठी सुमारे 1 कोटी 38 लाख डॉलर होती, तर रिसीव्हरसाठी सुमारे 2 कोटी 40 लाख.

या फरकावरून एकदा चक्क लवादाकडे तंटा गेला होता. 2014 मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या जिमी ग्रॅहमचं म्हणणं होतं की, मी बहुतेक वेळा फळीपासून लांबच उभा राहतो, तेव्हा मला रिसीव्हर धरा. प्रश्न सुमारे 70 लाख आणि 1 कोटी 23 लाख यांमधल्या फरकाचा होता. लवाद स्टीफन बरबँक यांनी त्याला टाइट एंडच ठरवलं. त्याच्या ट्विटरवरच्या ओळखीतही त्याने स्वतःला टाइट एंड म्हटलं होतं, हेही निकालात नमूद झालं! (पुढे त्याला चार वर्षांचे 4 कोटी मिळाले, त्यामुळे फार हळहळू नका.)

प्रश्न: आमच्या टीमकडे या जागेसाठी जेमतेम 50 लाख डॉलर उरतील असं दिसतंय. एवढ्यात कोण येणार? (एक वाचक, ह्यूस्टन)

येतात की! 2024 मध्ये वॉशिंग्टनने झॅक अर्ट्झला एका वर्षासाठी 30 लाखांच्या मूळ करारावर घेतलं. वय 33, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, आधीच्या मोसमात ॲरिझोनाने मध्येच सोडलेलं. बाजाराने एवढंच पाहिलं. वॉशिंग्टनच्या आक्रमणाची सूत्रं मात्र क्लिफ किंग्सबरी यांच्याकडे आली होती आणि ॲरिझोनात अर्ट्झ त्यांच्याच हाताखाली खेळला होता. शिवाय चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स अगदी नवखा. अशा पोराला मैदानाच्या मध्यात, सात-आठ यार्डांवर, हमखास मोकळा सापडणारा माणूस लागतो. अर्ट्झने 66 झेल, त्यांवर 654 यार्डांची मजल आणि 7 टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) दिले. पळण्यात तो तेव्हा कोणाला हरवत नव्हता. त्या कामाला पळावं लागतही नव्हतं.

दुसरा प्रकार म्हणजे झाकलेलं माणिक. डेलनी वॉकर सॅन फ्रान्सिस्कोत व्हर्नन डेव्हिसच्या सावलीत सात मोसम खेळला. 2013 मध्ये टेनेसीने त्याला चार वर्षांसाठी 1 कोटी 75 लाखांत नेलं. 2015 मध्ये त्याने 94 झेलांत 1,088 यार्ड काढले. त्याची आकडेवारी बेताची होती ती चेंडूच वाट्याला येत नव्हता म्हणून, आणि ब्लॉकिंग, म्हणजे थोपवणं, तर सगळ्यांना दिसत होतं. अशा माणसाच्या बाबतीत फसगत झाली तरी निदान अर्धी नोकरी तो पक्की सांभाळतो.

आणि आता जॉनू स्मिथ. माझं मत बनवलं ते याच माणसाने. 2021 मध्ये न्यू इंग्लंडने त्याला चार वर्षांचे 5 कोटी देऊ केले, त्यांतले 3 कोटींहून अधिक हमीचे. पहिल्या मोसमात 28 झेल, दुसऱ्यात 27. शेवटी सातव्या फेरीच्या एका ड्राफ्ट पिकवर (कॉलेजातल्या नव्या पोरांमधून एक निवडण्याच्या हक्कावर) त्याला अटलांटाला देऊन टाकलं. तिथूनही 2024 मध्ये सुटला आणि मायामीने वर्षाला 40 लाखांच्या आसपास भावात उचलला. तिथे 88 झेल, 884 यार्ड, 8 टचडाउन! माणूस तोच. फरक एवढाच की मायामीने त्याला चेंडू हातात घेऊन पळायला लावलं.

म्हणून नावाआधी काम ठरवा. तुमच्या आक्रमणात मोकळी आहे ती नोकरी कोणती? हे ठरलं की जुने सामने काढा आणि ज्या चालींत चेंडू त्याच्याकडे आलाच नाही त्याच पाहा. मी टीव्हीचा आवाज बंद करून फक्त फळीचं टोक बघत बसतो. घरचे वेड्यात काढतात, पण अर्ध्या तासात कळतं की हा माणूस ढकलतोय की नुसता अंगाला अंग लावतोय. दुखापतीत मला एकदाच तुटून सांधलेल्या गुडघ्यापेक्षा दरवर्षी कुरकुरणारी मांडी जास्त धोक्याची वाटते. करार एकाच वर्षाचा करावा.

प्रश्न: करार संपलेला खेळाडू आणि टीमने सोडलेला खेळाडू, दोघेही फ्री एजंटच, म्हणजे कुठल्याही टीमकडे जायला मोकळे ना? मग फरक काय? (एक विद्यार्थी, शिकागो)

घेणाऱ्याच्या हिशेबात मोठा फरक आहे. चार मोसम भरून करार संपलेल्याला तुम्ही मार्चमध्ये घेतलंत, तर तो भरपाईच्या ड्राफ्ट पिकांच्या गणितात धरला जाऊ शकतो. म्हणजे तुमचे गडी दुसरीकडे गेल्याबद्दल मिळणारं पिक हातचं जाऊ शकतं. टीमने कराराच्या मध्येच सोडलेला खेळाडू त्या गणितात येतच नाही. एप्रिलअखेरच्या ड्राफ्टनंतरचा सोमवार उलटला की करार संपलेलाही गणिताबाहेर पडतो. चतुर व्यवस्थापक तोवर गप्प बसतात. मेमध्ये भावही उतरलेले असतात.

आणखी एक सवलत आहे. अनुभवी खेळाडूला एका वर्षासाठी किमान पगारावर घेतलं, तर सॅलरी कॅपमध्ये (टीमच्या एकूण पगारखर्चावरच्या मर्यादेत) तो दोन वर्षं अनुभव असलेल्याच्या दराने मोजता येतो. 2025 मध्ये सात मोसमांच्या खेळाडूला 12 लाख 55 हजार मिळत, पण कॅपमध्ये धरले जात 10 लाख 30 हजार. 27 कोटी 92 लाखांच्या कॅपमध्ये हे चिल्लर वाटेल, पण 53 जणांचा संसार चालवताना चिल्लरही मोजावीच लागते.

प्रश्न: म्हातारे गोळा करण्यापेक्षा ड्राफ्टमधून तरुण का घेऊ नये? (एक वाचक, पुणे, रविवारी रात्र जागवणारा)

घ्या, जरूर घ्या. जॉर्ज किटल 2017 च्या पाचव्या फेरीत मिळाला होता आणि दुसऱ्याच वर्षी त्याने 1,377 यार्ड काढले. पण या जागेवर पोराला फळीची भाषाही शिकायची असते आणि रिसीव्हरची पळापळही. सॅम लापोर्टा किंवा ब्रॉक बॉवर्स यांच्यासारखे पहिल्याच वर्षी चमकणारे अपवादच. म्हणून पोरगा घ्या आणि त्याच्यासोबत एक जुनाजाणताही ठेवा.

प्रश्न: भाचा सहा फूट पाच इंच आहे, शाळेत बास्केटबॉल खेळतो. टाइट एंड बास्केटबॉलमधून येतात म्हणे. त्याचं काही जमेल का? (एक मामा, सॅन होजे)

अँटोनियो गेट्सचं नाव ऐकून लिहिलंत ना? तो केंट स्टेटमध्ये बास्केटबॉलच खेळला, कॉलेजात फुटबॉल नाहीच. 2003 मध्ये ड्राफ्टमध्ये त्याला कोणी विचारलं नाही. पुढे 116 टचडाउन झेलून तो 2025 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. रिबाउंडसाठी अंगाने जागा अडवायची सवय इथे कामाला येते, हे खरं. पण भाच्याला एवढं विचारून पाहा : चेंडू हातात न येता साठ वेळा कोणाला तरी ढकलायला आवडेल का? तो "हो" म्हणाला तर मला पुन्हा लिहा. वेळ लावून "बघू" म्हणाला, तर बास्केटबॉलच खेळू दे.