शेंडी बदकाचे फोटो काढायचेत ना, मग हे बघ

अरे नाशिककडच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात जातोयस तर चापडगावच्या बाजूला उजाडता उजाडता पोच, ऊन चढलं की पाणी नुसतं चकाकतं आणि नराची पांढरी कूस फोटोत पार जळते, म्हणजे नुसती पांढरीफटक दिसते, म्हणून एक्सपोजर (फोटोतला उजेड) थोडं मायनसलाच ठेव. शटर स्पीड १/१६०० सेकंदापेक्षा हळू नको, फोकस त्या पिवळ्या डोळ्यावर. बुडी मारायच्या आधी हे पिसं अंगाशी चापून घेतं, किंचित उसळतं, बटण तेव्हाच दाब! बुडाल्यावर १५-२० सेकंद मिळतात, तेवढ्यात काठाने पुढे सरक, वर आलं की जागीच थांब. उडताना पाण्यावर धावत सुटतात, तेही वाऱ्याच्या तोंडाला, म्हणून वारा बघूनच बस. आणि शेपूट नसल्यासारखी ती इवलीशी टिबुकली, तिला बदक म्हणू नकोस हां, गाईड लोक हसतात.